अनुपलब्धी, अदृष्ट आणि हृदयाची झडप

एखादी वस्तू शोधली आणि ती सापडली नाही, तर त्या न सापडण्यातून नेमके कोणते ज्ञान हाती येते, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी शतकानुशतके गांभीर्याने हाताळला आहे. तर्कशाळेतला एक सूक्ष्म वाद म्हणून तो बाजूला ठेवता येत नाही, कारण जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात, तीर्थपुरीसारख्या गावात, महिनोन्महिने बारीक तापाने झिजत जाणाऱ्या माणसाच्या रक्ततपासणीच्या कागदावर जेव्हा ‘जंतूंची वाढ आढळली नाही’ असे लिहून येते, तेव्हा त्या ओळीचा अर्थ कसा लावला जातो यावर त्याचे जगणे अवलंबून असते. घरचे लोक त्या ओळीतून एक निष्कर्ष काढतात, घाईतला डॉक्टर दुसरा काढतो, आणि पुष्कळदा दोन्ही निष्कर्ष तर्काच्या एकाच चुकीतून निघालेले असतात. ती चूक कोणती आणि ती टाळण्याची साधने परंपरेत कुठे आहेत, हे पाहण्यासाठी हृदयाच्या झडपांना असामान्य जंतूंमुळे होणारा संसर्ग हे फार बोलके उदाहरण आहे.

हृदयातून रक्त एकाच दिशेने वाहावे यासाठी चार झडपा असतात. या झडपांना स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात, त्यामुळे त्यांच्यावर एकदा जंतू चिकटले की शरीराची संरक्षक यंत्रणा तेथवर नीट पोहोचत नाही. लहानपणी स्ट्रेप्टोकोकस जंतूमुळे घसा धरल्यानंतर येणारा ऱ्हुमॅटिक ताप झडपा खरबरीत करून ठेवतो, आणि भारतात अशा दुखावलेल्या झडपांचे लोक आजही मोठ्या संख्येने आहेत. पुढे कधीतरी रक्तातून फिरणारा जंतू त्या खरबरीत जागेवर थांबतो, त्याच्याभोवती रक्तातील तंतू आणि बिंबिका साचून एक गाठ तयार होते, झडप कुरतडली जाते, आणि त्या गाठीचा तुकडा सुटून मेंदूकडे गेला तर पक्षाघात होतो. या आजाराला वैद्यकात एंडोकार्डायटिस म्हणतात. विल्यम ऑस्लर यांनी १८८५ साली लंडनमध्ये या विषयावर दिलेली व्याख्याने प्रसिद्ध आहेत. आजार ओळखण्याची मुख्य पद्धत म्हणजे ब्लड कल्चर, म्हणजे रुग्णाचे रक्त पोषकद्रव भरलेल्या बाटलीत घालून ती उबेत ठेवणे आणि त्यात काही वाढते का ते पाहणे. नेहमीचे जंतू, म्हणजे स्ट्रेप्टोकोकस, स्टॅफिलोकोकस, एन्टेरोकोकस, बहुधा दोन-तीन दिवसांत आपले अस्तित्व दाखवतात. पण काही रुग्णांत इको तपासणीत झडपेवरची गाठ स्पष्ट दिसत असूनही बाटली रिकामीच राहते, आणि भारतीय रुग्णालयांत अशा रुग्णांचे प्रमाण पाश्चात्त्य देशांतल्यापेक्षा जास्त आढळत आले आहे.

ही बाटली रिकामी ठेवणाऱ्या जंतूंपैकी दोन खेड्यातल्या गोठ्याशी थेट जोडलेले आहेत. ब्रुसेला हा जंतू डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये माल्टा बेटावर शोधला, आणि तो माणसात शेळीच्या दुधातून येतो हे थेमिस्टोक्लिस झॅमिट यांनी १९०५ मध्ये दाखवले. दुसरा कॉक्सिएला बर्नेटी; १९३५ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे कत्तलखान्यातील कामगारांना येणाऱ्या एका अनाकलनीय तापाचा तपास सुरू झाला, एडवर्ड डेरिक यांनी १९३७ मध्ये त्याचे वर्णन केले आणि कारण ठाऊक नसल्यामुळे त्याला ‘प्रश्नाचा ताप’ अशा अर्थाचे नाव दिले, तेच आज ‘क्यू फीवर’ म्हणून रूढ आहे. हा जंतू शेळी, मेंढी किंवा गाय व्याल्यावर पडणाऱ्या वारेत विपुल असतो, वार वाळून धुळीत मिसळली तरी तो टिकतो, आणि श्वासातून गेलेले त्याचे अगदी थोडे कण संसर्गाला पुरतात. मराठवाड्यात उस्मानाबादी जातीच्या शेळ्या घरोघरी पाळल्या जातात; शेळी अडली तर हाताने करडू काढणे, गाभडलेल्या शेळीची वार उचलून उकिरड्यावर टाकणे, आजारी किंवा अशक्त माणसाला मुद्दाम निरसे दूध देणे, या गोष्टी येथे इतक्या सवयीच्या आहेत की त्यांचा तापाशी संबंध असू शकेल हे कोणाच्या मनातही येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. जमिनीवर घट नाही, हे ज्ञान कसे होते? भाट्ट मीमांसकांनी, आणि त्यांच्यामागून अद्वैत वेदान्त्यांनी, यासाठी अनुपलब्धी नावाचे सहावे स्वतंत्र प्रमाण मानले. प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन, आणि अनुपलब्धी म्हणजे वस्तूचे न आढळणे. नैयायिकांनी वेगळे प्रमाण मानले नाही, अभावाचे ज्ञानही प्रत्यक्षानेच होते असे म्हटले. प्राभाकर मीमांसकांनी अभाव हा पदार्थच नाकारला. सातव्या शतकातील बौद्ध आचार्य धर्मकीर्ती यांनी अनुपलब्धीला अनुमानाचा हेतू, म्हणजे ज्या खुणेवरून अनुमान करायचे ती खूण, मानून न्यायबिंदूत तिचे अकरा प्रकार सांगितले. इतके मतभेद असूनही न आढळणे ज्यांनी ज्यांनी ज्ञानाचे साधन मानले, ते सगळे एका अटीवर एकत्र येतात, आणि या लेखाचा सारा भार त्या अटीवर आहे. केवळ न आढळल्याने अभाव सिद्ध होत नाही. वस्तू तेथे असती तर ती आढळलीच असती, अशी परिस्थिती असेल तरच न आढळणे हे अभावाचे प्रमाण ठरते. या अटीला योग्यता म्हणतात. उजेडात, उघड्या डोळ्यांना, समोरच्या जमिनीवर घट दिसला नाही तर तो नाही. त्याच खोलीत अंधार असताना घट दिसला नाही, तर त्यावरून काहीच म्हणता येत नाही. धर्मकीर्तींनी तर स्पष्ट केले की जी वस्तू स्वभावतः दिसण्याजोगी नाही तिची अनुपलब्धी फक्त संशय निर्माण करते, निश्चय देत नाही.

रिकाम्या बाटलीवरून जो डॉक्टर ‘संसर्ग नाही’ असे म्हणतो, त्याने ही अट तपासलेली नसते. बाटलीत कॉक्सिएला असता तर तो वाढला असता का, हा त्याने स्वतःला विचारायचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे.

या ठिकाणी चरकसंहितेतील एका उताऱ्याकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते, कारण दर्शन आणि वैद्यक यांची इतकी नेमकी भेट अन्यत्र क्वचितच दिसते. सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात माणसाच्या तीन एषणा सांगितल्या आहेत: प्राणांची, धनाची आणि परलोकाची. तिसरीच्या निमित्ताने पुनर्जन्म दिसत नाही म्हणून तो मानू नये, असे म्हणणाऱ्यांचा पक्ष येतो. त्याला उत्तर देताना चरकसंहिता म्हणते की प्रत्यक्षाचा प्रदेश लहान आहे आणि अप्रत्यक्षाचा मोठा. ज्या इंद्रियांनी प्रत्यक्ष घडते ती इंद्रियेसुद्धा प्रत्यक्ष होत नाहीत. त्यानंतर, असलेली वस्तूही न आढळण्याची आठ कारणे दिली आहेत: फार जवळ असणे, फार दूर असणे, आड काही येणे, साधन दुबळे असणे, मन ठिकाणावर नसणे, सारख्या वस्तूंत मिसळून जाणे, प्रबळ वस्तूने झाकोळणे आणि अतिसूक्ष्म असणे. सांख्यकारिकेतही जवळजवळ हीच यादी आहे. चरकांना जंतुशास्त्र ठाऊक होते असा दावा या आधारावर करणे हे त्यांच्याशीही प्रतारणा करणे होईल. त्यांनी दिले आहे ते न आढळण्याचे तर्कशास्त्र, आणि तर्कशास्त्र असल्यामुळेच ते त्यांना अज्ञात असलेल्या वस्तूंनाही लागू पडते.

लागू पडते ते किती बारकाईने, हे पाहण्यासारखे आहे. आवरणाचे उदाहरण कॉक्सिएला स्वतःच आहे: जंतूंना गिळून नष्ट करण्यासाठी असलेल्या भक्षकपेशीच्या आत, तिच्या आम्लयुक्त पोकळीत तो राहतो आणि तेथेच वाढतो, त्यामुळे जिवंत पेशी नसलेल्या नेहमीच्या पोषकद्रवात त्याची वाढ होत नाही. साधनाच्या दुबळेपणाचे उदाहरण अ‍ॅबिओट्रोफिया या स्ट्रेप्टोकोकससदृश जंतूचे. त्याला जीवनसत्त्व ब-६ चे एक रूप आयते लागते, म्हणून रक्ताच्या बाटलीत त्याची वाढ दिसली तरी नेहमीच्या थाळीवर उतरवताच काही उगवत नाही, आणि त्याच थाळीवर स्टॅफिलोकोकसची एक रेघ ओढली तर त्या रेघेच्या कडेकडेनेच त्याच्या बारीक वसाहती दिसू लागतात, कारण ते जीवनसत्त्व त्याला शेजाऱ्याकडून मिळते. मन ठिकाणावर नसण्याचे उदाहरण ब्रुसेलाचे. हा जंतू सावकाश वाढतो, जुन्या पद्धतीत त्यासाठी बाटल्या चार ते सहा आठवडे ठेवाव्या लागत, आणि आजची स्वयंचलित यंत्रे त्याला बहुतेक वेळा आठवड्याभरात पकडत असली तरी पाचव्या दिवशी बाटली बाजूला काढण्याच्या रिवाजात तो निसटू शकतो. तोच ब्रुसेला सारख्या वस्तूंत मिसळण्याचेही उदाहरण आहे, कारण ओळखीच्या तयार चाचणीसंचांनी त्याला मोरॅक्सेला किंवा ऑक्रोबॅक्ट्रम अशा दुसऱ्या जंतूंचे नाव दिल्याची नोंद आहे, आणि अशा चुकीची किंमत प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यालाही मोजावी लागते, कारण प्रयोगशाळेत होणाऱ्या संसर्गांत ब्रुसेलाचा क्रमांक फार वरचा आहे. अतिसूक्ष्मतेपेक्षाही भारतात महत्त्वाचे ठरते ते झाकोळणे. ताप आला की पहिल्याच दिवशी प्रतिजैविकाची गोळी किंवा इंजेक्शन दिले जाते. त्याने झडपेवरचे जंतू मरत नाहीत, पण रक्तातील जंतू काही दिवस दबून जातात, आणि नेमक्या त्याच दिवसांत घेतलेले रक्त बाटलीत मौन पाळते. येथे जंतू असामान्यही असावा लागत नाही. सामान्य जंतूलाही ही गोळी असामान्य करून टाकते.

दूरत्व तर भूगोलाचेच आहे. तीर्थपुरीच्या रुग्णाला आधी जालना आणि मग छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते, तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय सगळ्या मराठवाड्यात घाटी म्हणून ओळखले जाते. आणि कॉक्सिएलाच्या प्रतिपिंडांची खात्रीची तपासणी देशात मोजक्याच ठिकाणी होते. उरते ते फार जवळ असणे. चरकांच्या यादीतील हे कारण वाचकाला सर्वांत कमी महत्त्वाचे वाटेल, पण गोठ्याच्या संदर्भात ते सर्वांत खोल जाते, आणि त्याचा विचार पुढे शब्दप्रमाणाच्या संदर्भात करावा लागेल.

अनुपलब्धी निर्णय देत नसेल, तर निर्णय कशाने करावा? मीमांसकांचे अर्थापत्ती हे प्रमाण येथे उपयोगी पडते. दोन निश्चित गोष्टी एकमेकींशी जुळत नसतील तर त्या जुळवणारी तिसरी गोष्ट मानावीच लागते. देवदत्त धष्टपुष्ट आहे आणि तो दिवसा जेवत नाही, या दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तर तो रात्री जेवतो हे मान्य करावे लागते. झडपेवर वाढणारी गाठ आहे, ताप आहे, आणि नेहमीचा जंतू वाढत नाही. तेव्हा न वाढणारा जंतू आहे, ही कल्पना टाळता येत नाही. नैयायिक अर्थापत्तीला अनुमानातच घालतात, तो वाद येथे गौण आहे. वैद्यकाने नेमके हेच नियमात बसवले. १९९४ साली ड्यूक विद्यापीठातील डेव्हिड ड्युरॅक आणि सहकाऱ्यांनी एंडोकार्डायटिसच्या निदानाचे निकष मांडले, आणि २००० साली सुधारलेल्या निकषांत कॉक्सिएलाच्या पहिल्या अवस्थेतील रूपाविरुद्धच्या प्रतिपिंडांचे प्रमाण आठशे पट पातळ केलेल्या रक्तद्रवातही आढळण्याइतके जास्त असेल तर तो पुरावा मुख्य मानावा असे ठरले. म्हणजे जंतू एकदाही प्रत्यक्ष न दिसता त्याच्या खुणेवरून तो मानला जाऊ लागला. २०२३ च्या निकषांत बार्टोनेला या, मांजरे आणि अंगावरच्या उवा यांच्यामार्फत पसरणाऱ्या, जंतूच्या प्रतिपिंडांना आणि जंतूंची जनुकद्रव्ये ओळखणाऱ्या पीसीआर चाचणीलाही असेच स्थान मिळाले.

हे धुरावरून अग्नी ओळखण्यासारखेच अनुमान आहे, आणि म्हणून अनुमानाचे दोषही त्याला लागू आहेत. हेतू आणि साध्य यांची सोबत अखंड असावी लागते; ती कुठे तुटली तर त्याला व्यभिचार म्हणतात. क्लॅमिडिया या जंतूमुळे झाल्याचे प्रतिपिंडांवरून ठरवलेले काही झडपसंसर्ग पुढील तपासात बार्टोनेलाचे निघाले, कारण एका जंतूविरुद्धचे प्रतिपिंड दुसऱ्याशीही जुळत होते. प्रत्यक्षाला अनुमानाने पूर्णपणे हटवता येत नाही, ते वाट पाहत राहते. ट्रोफेरिमा व्हिपली या जंतूचा इतिहास याची साक्ष देतो: त्यामुळे होणाऱ्या आजाराचे वर्णन जॉर्ज व्हिपल यांनी १९०७ मध्ये केले, जनुकांवरून जंतूची ओळख १९९२ मध्ये पटली, आणि तो प्रयोगशाळेत प्रथम वाढवला गेला २००० साली, तोही एंडोकार्डायटिस झालेल्या एका रुग्णाच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या झडपेतून, दिदिए राऊल यांच्या फ्रान्समधील प्रयोगशाळेत, मानवी पेशींच्या थरावर.

घरी काय होते, हा प्रश्न याहून अवघड आहे. ‘काही सापडले नाही’ हे शब्द रुग्णालयातून गावात येतात तेव्हा ती जागा रिकामी राहत नाही. प्रारब्धाचा भोग, कुणाची करणी, देवाचे राहून गेलेले नवस, यांपैकी काहीतरी तेथे येऊन बसते. न्याय-वैशेषिक दर्शनात अदृष्ट ही संकल्पना आहे. पूर्वकर्मांतून आत्म्यावर उमटलेला, इंद्रियांना न कळणारा आणि पुढे फळ देणारा पुण्यपापाचा ठेवा, असा तिचा अर्थ. पण तिच्या वापरालाही परंपरेने कुंपण घातले आहे: दृष्ट कारण संभवत असताना अदृष्टाची कल्पना करणे अन्याय्य आहे, हा मीमांसकांचा नियम सर्वमान्य आहे. दृष्ट कारण संभवते की नाही, हे ठरवण्यासाठी आधी ते कारण आढळण्याजोग्या रीतीने शोधलेले असावे लागते. डॉक्टरने अट न तपासता ‘संसर्ग नाही’ म्हणणे आणि घरच्यांनी त्यावरून ‘भोग आहे’ म्हणणे, या दोन विधानांत एकाच तर्कदोषाचे दोन टप्पे आहेत, आणि पहिल्या टप्प्याची जबाबदारी शिकलेल्या माणसाकडे जाते.

घनसावंगी तालुक्यात हा विचार करताना जांब समर्थ हे गाव डोळ्यांआड करता येत नाही, कारण १६०८ साली तेथे जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात आध्यात्मिक, आधिभौतिक आणि आधिदैविक असे तीन ताप सविस्तर मांडले आहेत. देहात उपजणाऱ्या व्याधी पहिल्यात येतात, इतर भूतांपासून, प्राण्यांपासून होणारी पीडा दुसऱ्यात, आणि तिसऱ्यात मरणोत्तर यातना. शेळीच्या वारेतून आलेल्या जंतूने झडप खाल्ली तर तो ताप पहिला की दुसरा, हे ठरवणे सोपे नाही. तो देहात आहे आणि दुसऱ्या जिवाकडून आला आहे. समर्थ देहव्याधींचा संबंध पूर्वपापांशी जोडतात, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तरीही त्याच ग्रंथात प्रचीतीवर, म्हणजे स्वतः पडताळून पाहिलेल्या अनुभवावर, जो अखंड भर आहे, तो या जोडणीला आळशीपणाचे निमित्त होऊ देत नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात तर हा प्रश्न थेट आला आहे: आयुष्य सर्वस्वी नियतच असते तर औषधाची, पथ्याची, काळजीची कोणाला गरजच उरली नसती, दैव दुबळे असेल तर पुरुषकार, म्हणजे माणसाचा प्रयत्न, त्याला मागे सारतो. कर्मसिद्धान्त मनापासून मानणाऱ्या कुटुंबालाही म्हणूनच हे म्हणावे लागते की कर्माचे फळ दृष्ट कारणांच्या वाटेने येते, आणि ती वाट शोधणे म्हणजे कर्माला नाकारणे नव्हे.

योग्यतेची हीच अट ईश्वराच्या वादातही वापरली गेली आहे. दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास मिथिलेत झालेल्या उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीच्या तिसऱ्या स्तबकात, ईश्वर आढळत नाही म्हणून तो नाही, या आक्षेपाला असे उत्तर दिले की न आढळण्याने केवळ आढळण्याजोगी वस्तू खोडली जाते, आणि ईश्वर तशी वस्तू नाही. मग सशाच्या शिंगालाही हाच न्याय लावावा लागेल, असे प्रतिपक्षाने म्हणताच त्यांनी दाखवले की शिंग ही डोळ्यांना दिसण्याजोगी वस्तू आहे, म्हणून ते न दिसल्याने खोडले जाते. या युक्तिवादाचे सौंदर्य मान्य करूनही तो आणि झडपेवरचा जंतू एका ओळीत बसवण्याचा मोह आवरावा लागतो. जंतूची अयोग्यता साधनाशी बांधलेली आहे. पेशींचा थर मिळाला, जनुके वाचण्याची रीत मिळाली, की ती संपते, आणि ट्रोफेरिमाच्या बाबतीत ती संपल्याचे वर्ष सांगता येते. उदयनांच्या ईश्वराची अयोग्यता स्वभावतःच आहे, कोणत्याही उपकरणाने ती सरणार नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. म्हणून न दिसणारा जंतू पुढे सापडला, त्याअर्थी न दिसणारा देवही आहे, असे जे काही धर्मोपदेशक हौसेने सांगतात, ते उदयनांच्या तर्काला बळ देत नाहीत, त्याला जंतुशास्त्राच्या पुढच्या शोधावर टांगून ठेवतात. आणि सूक्ष्मदर्शकाखाली आत्मा दिसला नाही म्हणून तो नाही, असे सांगणारेही जंतूच्या उदाहरणाचा आधार घेऊ शकत नाहीत.

फार जवळ असण्याचा मुद्दा राहिला होता. माणसाला डोळ्यातले काजळ दिसत नाही, हे त्याचे परंपरागत उदाहरण. शेळी ज्या घरात खाटेशेजारी बांधलेली असते, त्या घरातला माणूस ‘काही वेगळे घडले होते का’ या प्रश्नाला ‘नाही’ असेच उत्तर देणार, कारण शेळी गाभडणे त्याच्या लेखी वेगळे नसते. हे ज्ञान त्याच्याजवळ आहे, पण ते विचारल्याशिवाय ज्ञान म्हणून बाहेर येत नाही. न्यायदर्शनात आप्ताचे वचन हे शब्दप्रमाण आहे, आणि आप्त कोण, हे सांगताना भाष्यकार वात्स्यायन स्पष्ट करतात की ज्याने विषय साक्षात् जाणला आहे आणि जो तो आहे तसा सांगू इच्छितो तो आप्त, आणि हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू आहे. वर्ण, शिक्षण, प्रतिष्ठा यांतले काहीही त्या व्याख्येत नाही. शेळीची वार कुणी उचलली, यंदा किती शेळ्यांनी गाभ टाकला, दूध तापवून प्यायले की निरसे, या बाबतीत गोठ्यात राबणारी बाई आप्त आहे आणि हृदयरोगतज्ज्ञ नाही. त्याने तिचे म्हणणे केवळ सौजन्य म्हणून ऐकायचे नाही, प्रमाण म्हणून ऐकायचे आहे. चरकसंहिताही रोगज्ञानाच्या साधनांत आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान असा क्रम लावते.

असे विचारले, शोधले, तर काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्राच्या सीमेलगत आहे. सोलापूर आणि सांगली जिल्ह्यांना लागून असलेल्या विजापूर येथे बसप्पा मंतूर आणि सहकाऱ्यांनी सोळा वर्षांच्या अनुभवावर आधारलेला अहवाल २००६ साली प्रसिद्ध केला. त्यात ब्रुसेलाची बाधा झालेल्या ४९५ प्रौढ रुग्णांची नोंद आहे. विजापूरची जनावरे, दूध पिण्याच्या सवयी, कोरडवाहू शेती आणि मराठवाड्यातील स्थिती यांत फार अंतर नाही. तेथे एका प्रयोगशाळेने सातत्याने शोध घेतला, हे अंतर मात्र मोठे आहे. ब्रुसेलाच्या रुग्णांपैकी झडपेला संसर्ग होतो तो दोन टक्क्यांहून कमी लोकांना, पण या आजारातल्या मृत्यूंचे ते मुख्य कारण आहे.

येथे जनावरांविषयीच्या कर्तव्याचा प्रश्नही निघतो, आणि तो अर्धवट टाकून देता येत नाही. नेदरलँड्समध्ये २००७ ते २०१० या काळात क्यू फीवरची साथ आली, चार हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि साथ थांबवण्यासाठी पन्नास हजारांहून अधिक शेळ्या मारण्यात आल्या. ज्या समाजात गाईविषयी धर्मभाव आहे आणि गोवंशहत्येला कायद्याने बंदी आहे, तेथे बाधित गाय मारण्याचा मार्ग बंद आहे, आणि तो बंद असणे योग्य की अयोग्य यावर मतभेद असले तरी त्यातून एक दायित्व अटळपणे येते: बाधित जनावर जिवंत ठेवायचे असेल तर ते वेगळे बांधणे, त्याची वार पुरणे, दूध उकळणे आणि वासरांना लस देणे ही गोसेवेचीच अंगे ठरतात. केंद्र सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना ब्रुसेलाची लस देण्याची तरतूद आहे. शेळ्या-मेंढ्यांचा प्रश्न त्याने सुटत नाही.

धर्मकीर्तींनी सांगितलेला संशय हा थांबण्याचा टप्पा नाही; न्यायसूत्रांतही संशय हा विचाराला प्रवृत्त करणारा पदार्थ म्हणून सोळा पदार्थांत मोजला आहे. झडपसंसर्गात या संशयाचे मोल फार मोठे आहे, कारण नेहमीची प्रतिजैविके कॉक्सिएलावर चालत नाहीत. त्याला डॉक्सिसायक्लिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही औषधे एकत्र, स्वतःच्या झडपेवर संसर्ग असेल तर किमान अठरा महिने आणि कृत्रिम झडपेवर असेल तर दोन वर्षे द्यावी लागतात. त्यातले दुसरे औषध पेशीतल्या त्या आम्लयुक्त पोकळीची आम्लता कमी करते, म्हणजे जंतूचे आवरणच निकामी करते, आणि मग पहिले औषध काम करू शकते. इतके दीर्घ उपचार अंदाजावर सुरू करता येत नाहीत आणि रिकाम्या बाटलीवरून नाकारताही येत नाहीत.

म्हणून तपासणीच्या कागदावर ‘वाढ आढळली नाही’ याच्या पुढे आणखी काही लिहिलेले असणे आवश्यक आहे: बाटली किती दिवस ठेवली, रक्त घेण्याआधी कोणते औषध दिले गेले होते, कोणत्या जंतूंचा शोध या पद्धतीने लागतो आणि कोणत्यांचा लागत नाही. आणि झडप आधीच दुखावलेली आहे असे माहीत असलेल्या माणसाला ताप आला, तर प्रतिजैविकाच्या पहिल्या मात्रेपूर्वी वेगवेगळ्या जागांवरून, थोड्या थोड्या अंतराने, दोन-तीन वेळा रक्त घेऊन ठेवणे घनसावंगी तालुक्यातही अशक्य नाही. त्यासाठी कॉक्सिएलाची प्रयोगशाळा लागत नाही. लागतात त्या निर्जंतुक सुया, बाटल्या, त्या जालन्याला वेळेत पोहोचवणारे कुणीतरी, आणि रुग्ण अत्यवस्थ नसेल तर इंजेक्शनचा आग्रह धरणाऱ्या घरच्यांना, आणि स्वतःलाही, काही तास थांबवण्याची डॉक्टरची तयारी.